इंडोनेशिया २००२ ते २००५: बालीचा बॉम्ब, आचेचं बंड आणि एक निवडणूक

दर्यावर्दी (धागाकर्ता)

बालीला जाऊन आलेल्यांचे फोटो हल्ली दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसवर असतात. त्याच बालीत, कुटाच्या भर वस्तीत, १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री पॅडीज पब आणि सारी क्लब इथे स्फोट होऊन २०२ माणसं मेली. त्यातली ८८ ऑस्ट्रेलियन. हे आता बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. धागा मात्र स्फोटावर नाही. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्या देशानं जे निभावून नेलं, त्यावर आहे.

आधी परिस्थिती बघा. सुहार्तो मे १९९८ मध्ये पायउतार झाले. त्यानंतर हबीबी, गुस दुर (अब्दुर्रहमान वाहिद) आणि मेगावती असे तीन राष्ट्राध्यक्ष तीन वर्षांत झाले. गुस दुर यांना तर जुलै २००१ मध्ये लोकप्रतिनिधींनीच काढून टाकलं. ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात पूर्व तिमोरच्या ७८.५ टक्के लोकांनी ‘आम्हाला जायचंय’ म्हटलं आणि तो तुकडा गेला. लष्कराच्या जिव्हारी लागलेली ती गोष्ट. मालुकू आणि पोसोत ख्रिश्चन-मुस्लिम दंगली. पूर्वेला पापुआतली फुटीर चळवळ. आणि पश्चिमेच्या टोकाला, सुमात्राच्या शेंड्यावर, आचे.

आचेचं दुखणं जुनं. १९४८ मध्ये डचांशी लढणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाला विमान हवं होतं, तर आचेच्या लोकांनी पैसा आणि सोनं गोळा करून एक डाकोटा घेऊन दिलं. नाव ‘सेउलावा’. (अवांतर: डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी हल्ला केला तेव्हा हे विमान दुरुस्तीला चक्क कलकत्त्यात होतं!) बक्षीस काय मिळालं? १९५० मध्ये आचे प्रांत मोडून उत्तर सुमात्रात घातला. १९५३ मध्ये दाऊद बेउरेएह यांचं बंड झालं, १९५९ मध्ये ‘विशेष दर्जा’ कागदावर आला. मग १९७० च्या दशकात ल्होकसेउमावेजवळ अरुण इथे नैसर्गिक वायू सापडला. वायू आचेचा, पैसा जकार्ताचा. डिसेंबर १९७६ मध्ये हसन दि तिरो यांनी स्वतंत्र आचेची चळवळ काढली, तीच ‘गाम’. पुढे ते स्वीडनला गेले आणि तिथून सूत्रं हलवू लागले. १९८९ ते १९९८ आचे ‘लष्करी कारवाई क्षेत्र’ होतं. त्या काळात काय काय झालं ते पुढे प्रतिसादांत येईलच. पूर्ण संघर्षात १५,००० च्या आसपास माणसं मेली असं सर्वसाधारणपणे मानतात.

माझं म्हणणं असं: इंडोनेशिया सावरला तो बॉम्ब फोडणारे आणि आचेचे बंडखोर यांना एकाच माळेचे मणी न मानल्यामुळे. पहिल्यांसाठी पोलीस आणि कोर्ट, दुसऱ्यांसाठी मतपेटी. आणि हे शक्य झालं ते २००४ च्या निवडणुकीमुळे. तोवर राष्ट्राध्यक्ष निवडायची ती एमपीआर नावाची सभा. ऑगस्ट २००२ च्या घटनादुरुस्तीनं ते काम थेट लोकांकडे दिलं आणि संसदेतल्या लष्कर-पोलिसांच्या राखीव जागांना पूर्णविराम दिला. त्यानंतर दोनच महिन्यांत बालीचा स्फोट. आपल्याकडे असं काही झालं असतं तर ‘आत्ता निवडणुकांचे प्रयोग कशाला’ म्हणणारे किती निघाले असते, विचार करा. तिथेही निघाले. पण प्रयोग झाला.

२० सप्टेंबर २००४ ला सुसिलो बांबांग युधोयोनो (तिकडे सगळे ‘एसबेये’ म्हणतात) यांनी ६०.६ टक्के मतं घेऊन मेगावतींना हरवलं. वर्षभराच्या आत, १५ ऑगस्ट २००५ ला, हेलसिंकीत आचेचा करार झाला. तो आजवर टिकलाय.

चर्चा करू.

तिखटमीठ

लेख झकास, निष्कर्ष गुलाबी.

‘आचेच्या बंडखोरांना मतपेटी’ म्हणे. डिसेंबर २००२ मध्ये जिनिव्हाच्या एका संस्थेच्या मध्यस्थीनं युद्धबंदी झाली होती, ती पाच महिने टिकली. १९ मे २००३ ला आचेत मार्शल लॉ. ३०,००० च्या वर सैनिक आत. आणि त्या वेळी सुरक्षा खात्यांचे समन्वय मंत्री कोण होते? हेच तुमचे एसबेये. स्वतः माजी जनरल. म्हणजे आधी ठोकलं, मग टेबलावर बसवलं. याला राजकीय शहाणपण म्हणायचं की नेहमीची पद्धत?

आणि त्सुनामीचं नाव अख्ख्या लेखात नाही. २६ डिसेंबर २००४. आचेत दीड लाखाच्या वर माणसं गेली. करार लाटेनं घडवला.

बाबूराव७२

तिखटमीठ +१. निसर्गानं हात पिरगाळला, श्रेय पुढारी घेऊन गेले.

जकार्ताकर

मी तेव्हा जकार्तात नोकरीला होतो, आजही इथेच आहे. दोन गोष्टी सांगतो, मग वाद चालू द्या.

९ सप्टेंबर २००४ च्या सकाळी कुनिंगन भागात ऑस्ट्रेलियन वकिलातीसमोर गाडीत बॉम्ब फुटला. रासुना सैद हा तिथला हमरस्ता. समोरच्या उंच इमारतींच्या काचा वरपासून खालपर्यंत गळून पडल्या होत्या. मेलेले सगळे इंडोनेशियन: पहारेकरी, व्हिसाच्या रांगेतले, रस्त्यानं जाणारे. मतदानाला अकरा दिवस उरले होते. ऑफिसातले सगळे म्हणायचे, पुढे ढकलणार. ढकललं नाही.

मतदान मी गल्लीतल्या तंबूत बघितलं. परदेशी असल्यामुळे अर्थातच बाहेरून. तिथे शिक्का नसतो, बटणही नसतं. टेबलाला दोरीनं बांधलेला खिळा असतो, त्यानं उमेदवाराच्या फोटोला भोक पाडायचं. करंगळी शाईत बुडवायची आणि घरी जायचं. दुपारी एकला मतदान बंद, आणि तिथल्या तिथे, सगळ्या गल्लीसमोर मोजणी. कर्मचारी एकेक मतपत्रिका उजेडाकडे धरतो, भोकातून प्रकाश दिसतो, तो आकडा ओरडतो, आणि जमलेली मंडळी कोरसमध्ये ‘साह!’ म्हणतात, म्हणजे वैध. पोरंटोरंसुद्धा. मागे मोठ्या कागदावर पाच-पाचच्या काड्या मांडत जातात. संध्याकाळपर्यंत आपल्या गल्लीत कोण जिंकलं ते शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक.

पहिल्या फेरीत (५ जुलै) तर मजाच झाली होती. मतपत्रिका घडी घालून दिलेली. लोकांनी पूर्ण न उघडताच खिळा मारला, तर भोक दोन ठिकाणी! एक उमेदवाराच्या फोटोवर, एक वरच्या पानावर. आधी अशा मतपत्रिका बाद व्हायला लागल्या. निवडणूक आयोगानं दिवसाढवळ्या आदेश काढला, दुसरं भोक दुसऱ्या उमेदवाराच्या चौकटीत नसेल तर मत धरा. ठिकठिकाणी फेरमोजणी झाली. एवढा गोंधळ होऊनही कुणी दगड उचलला नाही. याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं, कारण १९९८ च्या दंगलीत जळालेल्या इमारती ग्लोडोक या चिनी वस्तीत तोवर उभ्या होत्या.

संपदा_के

जकार्ताकर, खिळ्याचं वर्णन फारच भारी! हे तुम्ही वेगळा लेख म्हणून लिहाच.

दर्यावर्दी

@तिखटमीठ, त्सुनामी मुद्दाम ठेवली होती, कुणीतरी काढणार हे माहीत होतं.

लाटेआधीचं बघा. ऑक्टोबर २००४ मध्ये नवं सरकार आलं. उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला. हे सुलावेसीचे व्यापारी घराण्यातले, बोलणी आणि घासाघीस अंगात मुरलेली. पोसो आणि मालुकूच्या दंगलींवरचे मालिनो करार (डिसेंबर २००१ आणि फेब्रुवारी २००२) यांनीच जमवलेले. त्यांनी आपला डॉक्टर मित्र फरीद हुसेन यांच्यामार्फत गामकडे माणसं पाठवली. एका फिनिश उद्योजकाच्या ओळखीतून फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्यापर्यंत निरोप गेला, आणि बोलणी करायचं तत्त्वतः ठरलं ते लाट येण्याच्या काही दिवस आधी. लाटेनं घाई करायला लावली, लष्कराला आणि गामला दोघांनाही मान खाली न घालता थांबायचं कारण दिलं. ते मान्य. पण तीच लाट श्रीलंकेलाही लागली होती. तिथे मदतीच्या पैशावरूनच भांडण पेटलं आणि पुढच्या काही वर्षांत युद्ध पुन्हा सुरू. त्सुनामी तीच होती, दोन्हीकडचं राजकारण वेगळं होतं.

एसबेये मार्शल लॉच्या वेळी मंत्री होते, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा. ज्यानं लष्कर पाठवलं तोच ते परत बोलवू शकतो, त्याच्यावर फितुरीचा आळ घेणं अवघड. शिवाय मेगावतींनी सत्ता सोडता सोडता जहाल म्हणून ओळखले जाणारे जनरल र्यामिझार्ड यांचं नाव सरसेनापतीपदासाठी संसदेकडे पाठवलं होतं. एसबेये यांनी आल्या आल्या ते मागे घेतलं. हे नाव राहिलं असतं तर हेलसिंकी झालं असतं का?

आता त्यांच्या पक्षाला संसद निवडणुकीत मतं किती होती? ७.५ टक्के. गोलकारला २१.६. म्हणजे राष्ट्राध्यक्ष लोकप्रिय आणि संसद विरोधात. डिसेंबर २००४ मध्ये काल्ला यांनी गोलकारचं अध्यक्षपदच पटकावलं आणि संसद खिशात आली. सुहार्तोंचा जुना पक्ष आचेच्या शांततेला कामी आला. बोला.

अ_जोशी

बॉम्बवाल्या बाजूबद्दल थोडं, कारण वकिली डोक्यात असल्यामुळे मला तीच जास्त रोचक वाटते.

बालीचा तपास मदे मंगकू पास्तिका या पोलीस जनरलकडे होता. स्फोटातली गाडी मित्सुबिशीची एल-३००. फोडणाऱ्यांनी चासीचा नंबर घासून काढला होता. पण ती गाडी पूर्वी प्रवासी वाहतुकीला लावलेली होती, त्यामुळे तिच्यावर वाहन तपासणीचा वेगळा नंबर ठोकलेला होता आणि तो यांच्या लक्षातच आला नाही. त्या नंबरवरून जुने मालक शोधत शोधत पोलीस ५ नोव्हेंबरला पूर्व जावातल्या तेंगुलुन गावात अमरोझीच्या दारात. स्फोटाला महिनाही झाला नव्हता. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला फाशीची शिक्षा (तिथे गोळ्या घालून देतात) सुनावलीसुद्धा. आपल्याकडे १९९३ च्या मुंबई खटल्याचे निकाल २००६-०७ मध्ये लागले, हे आठवून जरा कसंतरी झालं.

आता खरी गंमत. स्फोटानंतर आठवडाभरात सरकारनं दहशतवादविरोधी अध्यादेश काढला आणि तो पूर्वलक्षी प्रभावानं बालीला लावला. नव्यानं स्थापन झालेल्या घटना न्यायालयात एका आरोपीनं आव्हान दिलं आणि २३ जुलै २००४ ला न्यायालयानं ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की पूर्वलक्षी लावणं घटनाबाह्य. तारीख परत वाचा. राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध! जगभरातून ओरड झाली. शिक्षा आधीच झालेल्या असल्यामुळे त्या कायम राहिल्या, अमरोझी आणि इतर दोघांना ९ नोव्हेंबर २००८ ला नुसाकंबांगन बेटावर गोळ्या घातल्या. पण निकाल मागे घेतला नाही आणि न्यायालयही बरखास्त केलं नाही. दहशतवादाच्या भीतीखाली चालणाऱ्या कोवळ्या लोकशाहीत हे फार मोठं आहे.

आणि तपासाधिकारी पास्तिका? २००८ मध्ये बालीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. २०१३ मध्ये पुन्हा, अवघ्या ९९६ मतांनी.

तिखटमीठ

जोशीबुवा, तुमच्या कायद्याच्या राज्याला गालबोट लावतो. मेगावतींचे उपराष्ट्राध्यक्ष हमझा हाझ बाली स्फोटाआधी अबू बकर बशीर यांच्या न्ग्रुकीच्या मदरशात जाऊन पाहुणचार घेऊन आले होते आणि ‘आमच्या देशात दहशतवादी नाहीत’ असं सांगत होते. राजकारणी कुंपणावर बसून होते म्हणूनच जेमा इस्लामिया, म्हणजे बालीचा स्फोट घडवणारी बशीर यांच्याशी जोडलेली संघटना, तिथे वाढली.

अ_जोशी

बरोबर. आणि तेच हाझ २००४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. मतं ३ टक्के. पाचांत पाचवे.

इशान्यवारी

धागा वाचताना मिझोराम आठवत राहिलं. १९६६ चं बंड, आयझॉलवर आपल्याच वायुदलाची विमानं, मग ३० जून १९८६ चा करार आणि लालडेंगा थेट मुख्यमंत्रिपदी. पुढे १९८९ च्या निवडणुकीत हरलेसुद्धा आणि तरी बंदूक परत निघाली नाही. आचेत असं काही झालं का? बंडखोर निवडणुकीला उभे राहिले का?

दर्यावर्दी

इशान्यवारी, याच प्रश्नाची वाट बघत होतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच.

इंडोनेशियाचा कायदा असा की पक्ष राष्ट्रीयच हवा. तेव्हा बहुसंख्य प्रांतांत शाखा, कार्यालयं, सदस्य दाखवल्याशिवाय निवडणूक लढवता येत नव्हती. हेतू उघड आहे, प्रांताप्रांताचे पक्ष झाले तर देश फुटेल ही धास्ती. म्हणजे आपल्याकडच्या शिवसेना, द्रमुक, अकाली दल या पक्षांना तिथे नोंदणीच मिळाली नसती.

हेलसिंकीत पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या काही फेऱ्यांतच गामनं स्वातंत्र्याची मागणी बाजूला ठेवली. पण अडलं कुठे? स्थानिक पक्षावर. जकार्तानं सुचवलं, आमचे मोठे पक्ष तुमच्या माणसांना तिकिटं देतील. गाम म्हणालं, तुमच्या तिकिटावर उभं राहायला आम्ही जंगलात होतो का? जुलै २००५ मध्ये शेवटच्या फेरीत जकार्तानं हे मान्य केलं: फक्त आचेत, फक्त आचेपुरते, स्थानिक पक्ष. बदल्यात ३,००० सशस्त्र माणसांचं विसर्जन आणि ८४० शस्त्रं जमा. युरोपीय संघ आणि आसियान देशांचे निरीक्षक एकेक बंदूक तपासून कापत होते. २००५ संपायच्या आत काम फत्ते.

डिसेंबर २००६ ला आचेत गव्हर्नरची निवडणूक. पक्ष अजून उभे राहिले नव्हते म्हणून अपक्षांना परवानगी दिली. आणि जिंकलं कोण? इरवांडी युसुफ. पशुवैद्यक, गामचे प्रचारप्रमुख. त्सुनामीच्या सकाळी हे गृहस्थ बांदा आचेच्या तुरुंगात होते. पाणी चढत गेलं तसं छत फोडून वर निघाले, आत बहुतेक सगळे कैदी बुडाले. तिथून दोन वर्षांच्या आत प्रांताचे गव्हर्नर, ३८ टक्के मतांनी. तेही स्वीडनमधल्या बड्या नेत्यांचा पाठिंबा दुसऱ्याला असताना. म्हणजे बंडखोरांतली फूटसुद्धा मतपेटीतूनच निस्तरली.

अजून एक. अपक्षांची ही सवलत फक्त आचेला का, असा प्रश्न कोर्टात गेला आणि जुलै २००७ मध्ये घटना न्यायालयानं ती अख्ख्या देशाला दिली. बंडखोरांसाठी उघडलेली खिडकी जावातल्या मतदारालाही मिळाली.

मृण्मयी_सा

सगळं छान छान वाचून मलाच काहीतरी कडू बोलावं लागणार असं दिसतंय.

आचे म्हटलं की मला चौकात बाईला फटके मारतानाचे फोटो आठवतात. शांतता कुणासाठी झाली? पुरुष बंदूक खाली ठेवून खुर्चीत बसले, आणि बायकांच्या कपड्यांवर, दुचाकीवर कसं बसायचं यावर नियम आले. हेलसिंकीच्या टेबलावर गामकडून एक बाई होती, एवढंच वाचल्याचं आठवतं.

दुसरं. १९८९ ते ९८ च्या काळात पिडी जिल्ह्यात ‘रुमोह गेउदोंग’ नावाचं एक जुनं लाकडी घर लष्करानं छळछावणी म्हणून वापरलं. कराराच्या कागदावर मानवाधिकार न्यायालय आणि सत्यशोधन आयोग दोन्ही होते. आयोगाचे सदस्य नेमायला २०१६ उजाडलं. न्यायालय तर नाहीच. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी देशातल्या १२ गंभीर घटना ‘झाल्या’ म्हणून कबूल केल्या, त्यात आचेच्या तीन. जूनमध्ये ते रुमोह गेउदोंगला गेले. आणि त्यांच्या भेटीआधी तिथे उरलेल्या भिंती आणि जिना पाडून जागा साफ केली! पुरावाच साफ. ज्यांचे भाऊ-नवरे तिथून परत आले नाहीत त्या बायका काय बघायला येणार होत्या, हिरवळ?

दर्यावर्दी

मृण्मयीताई, दुसऱ्या मुद्द्यावर मी काहीच बचाव करणार नाही, करूही शकत नाही. करारातला सर्वात दुबळा भाग तोच, आणि दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांना तो दुबळा राहिलेलाच सोयीचा होता.

शरियतबद्दल मात्र एक तपशील. ती गामची मागणी नव्हती. १९९९ आणि २००१ च्या कायद्यांनी ती जकार्तानं दिली. आचेचे लोक मागत होते वायूचे पैसे, लष्करी अत्याचारांची चौकशी आणि सार्वमत. नोव्हेंबर १९९९ मध्ये बांदा आचेच्या मोठ्या मशिदीसमोर लाखोंचा समुदाय सार्वमत मागायला जमला होता. त्याला उत्तर म्हणून धर्म मिळाला, कारण तो जकार्ताला सर्वात स्वस्त पडत होता. फटक्यांचं फौजदारी कानून २०१४ चं, तेव्हा विधानसभेत माजी बंडखोरांचाच पक्ष सर्वात मोठा होता. त्यामुळे त्यांचेही हात स्वच्छ नाहीत.

बाबूराव७२

म्हणजे शेवटी मेंढपाळ बदलला, मेंढरं तीच.

जकार्ताकर

बाबूराव, पूर्ण तसंही नाही, मेंढरं मतं देतात की!

पार्ताई आचे या माजी बंडखोरांच्या पक्षाला २००९ मध्ये प्रांताच्या विधानसभेत ६९ पैकी ३३ जागा होत्या. २०१९ मध्ये ८१ पैकी १८. लोकांनी त्यांना बघितलं, वापरलं, कंटाळले. इरवांडी २०१७ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाले आणि जुलै २०१८ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगानं त्यांना विशेष निधीच्या लाचेत उचललं. जंगलातले जुने कमांडर आता ठेकेदार, मोठ्या गाड्या, मोठी घरं. प्रांताला २००८ पासून विशेष स्वायत्ततेचा निधी मिळतो, केंद्राच्या सर्वसाधारण अनुदानाच्या २ टक्के. २०२३ पासून तो १ टक्क्यावर आला आणि २०२७ ला संपणार आहे. एवढा पैसा येऊन आचे सुमात्रातल्या सर्वात गरीब प्रांतांत गणला जातो. बांदा आचेत रस्ते गुळगुळीत, नव्या इमारती चकाचक, आणि पोरं नोकरीसाठी मेदान किंवा मलेशियाला.

पण एक मजा ऐका. २००९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत आचेनं एसबेयेंना ९३ टक्के मतं दिली. शांततेचं बक्षीस. त्याच निवडणुकीत काल्ला स्वतः त्यांच्याविरुद्ध उभे होते. ज्यांनी माणसं पाठवली, रात्रीबेरात्री फोन केले, ते. आचेत मिळाले चार-साडेचार टक्के!

आणि त्या मतदानानंतर नवव्या दिवशी, १७ जुलै २००९ ला, जकार्तात मॅरियट आणि रिट्झ-कार्लटनमध्ये स्फोट. एसबेयेंनी सुरुवातीला त्याचा संबंध निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्यांशी जोडल्यासारखं भाषण केलं, टीका झाली. निघाला तो नूरदिन टॉप या दहशतवाद्याचा गट. सप्टेंबरात तो सोलोजवळ पोलिसांच्या छाप्यात मारला गेला. या सगळ्यात आचेचं नाव कुणी घेतलं नाही, आणि दर्यावर्दींचा मूळ मुद्दा हाच असावा.

दर्यावर्दी

अगदी हाच.

तिखटमीठ

मग पापुआचं काय? तिथे तर माळ एकच आणि मणीही एकच. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं पापुआच्या सशस्त्र गटांना अधिकृतपणे ‘दहशतवादी’ जाहीर केलं. तुमच्या थिअरीप्रमाणे तिथेही स्थानिक पक्ष द्यायला हवा होता ना?

दर्यावर्दी

द्यायला हवा होता. दिला नाही. २००१ च्या पापुआ स्वायत्तता कायद्यात ‘पापुआचे रहिवासी राजकीय पक्ष काढू शकतात’ अशा अर्थाचं कलम होतं, स्थानिक पक्ष म्हणजे काय ते मोघम ठेवलं. कोर्टात मागणी केली तरी मिळालं नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीत ते कलमच उडवलं. २०२२ मध्ये प्रांताचे आणखी तुकडे पाडले, त्यामुळे देशाचे एकूण प्रांत ३८ झाले. तिथल्या डोंगराळ भागात तर मतदानसुद्धा ‘नोकेन’ पद्धतीनं चालतं. नोकेन म्हणजे झाडाच्या सालीच्या धाग्यांची विणलेली पिशवी. गावप्रमुख सगळ्यांच्या वतीनं मतं पिशवीत टाकतो आणि घटना न्यायालयानं हे मान्य केलंय. परंपरेचा मान म्हणून ठीक, पण ज्याची पिशवी त्याची मतं. तिथल्या तरुणाला त्या पिशवीतून काय आवाज मिळणार?

पापुआत वाटाघाटीला समोर एकच संघटना आणि एकच नेतृत्व नाही, हे कारण सरकारधार्जिणे लोक देतात. त्यात तथ्य आहे. आचेत गामची साखळी होती, स्टॉकहोमहून आदेश आला की जंगलातली बंदूक थांबायची. पण १९६९ मध्ये हजारभर निवडक माणसांना हात वर करायला लावून ‘पापुआनं आम्हाला निवडलं’ असं म्हटलं गेलं. तिथे पुन्हा मत मागायची जकार्ताला भीती वाटते, असं माझं मत.

इशान्यवारी

हसन दि तिरोंचं पुढे काय झालं? ते परतले का?

जकार्ताकर

ऑक्टोबर २००८ मध्ये आले, तीस वर्षांनी. विमानतळापासून मशिदीपर्यंत रस्ता माणसांनी फुलला होता. तोवर प्रकृती ढासळली होती, भाषणही दुसऱ्यानं वाचून दाखवलं. त्या खेपेला स्वीडनला परत गेले, पण २००९ मध्ये पुन्हा आले आणि मग आचेतच राहिले. २ जून २०१० ला त्यांना इंडोनेशियाचं नागरिकत्व परत मिळालं आणि ३ जूनला ते बांदा आचेत वारले.

संपदा_के

बाप रे. एक दिवस!

आणि आत्ता काय चाललंय तिथे? गव्हर्नर कोण आहे?

जकार्ताकर

मुझाकिर मनाफ, लोक ‘मुआलेम’ म्हणतात. गामच्या सशस्त्र दलाचे शेवटचे सेनापती. नोव्हेंबर २०२४ ला निवडून आले. देशाचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो, म्हणजे सुहार्तोंचे एके काळचे जावई आणि कोपासुस या विशेष दलाचे माजी प्रमुख. त्याच दलाच्या नावानं आचेत जुनी माणसं अजून दचकतात. आणि हे दोघं २०१४ पासून राजकारणात मित्र! मुआलेम यांच्या पक्षानं तेव्हापासून प्राबोवोंचा प्रचार केलाय. २०१९ ला आचेनं प्राबोवोंना ८५ टक्के मतं दिली, २०२४ ला मात्र पाठ फिरवून अनिस बास्वेदान यांना निवडलं. मतदार नेत्यांचं ऐकत नाहीत, हे एक बरं.

जून २०२५ मध्ये आणखी एक प्रकरण झालं. गृहमंत्रालयानं चार छोटी निर्मनुष्य बेटं आचेकडून काढून उत्तर सुमात्राच्या नावावर केली. आचे खवळला. १९५० चं विलीनीकरण लोक विसरलेले नाहीत. रस्त्यावर गामचे जुने झेंडे दिसायला लागले. (हा झेंडा आचेच्या विधानसभेनं २०१३ मध्ये प्रांताचा म्हणून मंजूर केलाय, जकार्ता अजून मान्यता देत नाही.) १७ जूनला प्राबोवोंनी निर्णय फिरवला, बेटं आचेचीच. त्या बातमीत युसुफ काल्लाही होते. ऐंशी ओलांडलेला माणूस पत्रकारांना हेलसिंकी करारातलं सीमेचं कलम सांगत होता: आचेची हद्द १ जुलै १९५६ ची.

तिखटमीठ

कोट्यवधींच्या निधीपेक्षा चार ओसाड बेटांनी लोक जास्त पेटतात, म्हणजे भूगर्भात वायू अजून आहेच म्हणायचा.

दर्यावर्दी, पापुआवर वेगळा धागा काढा. तिथे भांडू.

दर्यावर्दी

काढतो. १९६९ पासून सुरुवात करेन. जोशीबुवा, २०२१ च्या दुरुस्तीवरचा घटना न्यायालयाचा निकाल मिळाला तर व्यनि करा.